वाचकांची प्रश्नोत्तरे : कर्नेलमधले प्रोसेसर एकमेकांना निरोप कसे धाडतात

एकाच यंत्रात अनेक प्रोसेसर (कोअर) असतात तेव्हा कर्नेल, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, त्यांच्यात कामाची वाटणी कशी करतो, या विषयावरील आमच्या लेखानंतर मुंबईतून आणि आसपासच्या उपनगरांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी प्रोसेसरांमधल्या निरोपांविषयीची निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स.न.वि.वि. लेखात असे म्हटले होते की एका यंत्रातील सर्व कोअर एकच मेमरी वापरतात. मेमरी सामाईकच असेल, तर एका कोअरने लिहावे आणि दुसऱ्याने वाचावे, एवढे पुरेसे नाही का? निरोपांची वेगळी व्यवस्था कर्नेलला कशासाठी लागते?
— एक निवृत्त दूरध्वनी अभियंता, गिरगाव

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि बहुतेक प्रसंगी तेवढे पुरेसेही असते. एका कोअरने मेमरीत लिहिलेली किंमत दुसऱ्याला शिळी दिसू नये, याची काळजी कॅशमध्ये (प्रत्येक कोअरजवळच्या लहान, वेगवान मेमरीत) सुसंगती राखणारे हार्डवेअर स्वतःच घेते. आजच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याच्या) प्रोसेसरांत हा व्यवहार ६४ बाइटांच्या कॅश लाइनच्या हिशेबाने चालतो. अशी एक लाइन एकाच चिपवरील दोन कोअरांमध्ये हलायला काही डझन नॅनोसेकंद पुरतात आणि दोन निरनिराळ्या सॉकेटांमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या चिपांवर) हा काळ शंभराच्या पुढे जातो. म्हणजे मजकूर पोहोचवणे ही अडचण नाही. अडचण अशी की तो कोणीतरी उघडून वाचायला हवा. पलीकडचा कोअर त्या क्षणी एखाद्या ग्राहकाचा व्हिडिओ उलगडत असेल, तर तो कर्नेलचा एकही आदेश चालवत नसतो आणि कर्नेलच्या रांगेत आपल्यासाठी काय येऊन पडले आहे हे त्याला टायमरचा पुढचा ठोका पडेपर्यंत कळण्याचे कारण नाही. तो निद्रावस्थेत असेल तर तेवढीही खात्री नाही. पत्रपेटीत चिठ्ठी टाकणे आणि दारावरची घंटा वाजवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली स्वस्त आहे, दुसरी महाग आहे, आणि या विषयातील जवळजवळ सगळी कारागिरी दुसरी क्रिया कमीत कमी वेळा करावी लागावी यासाठीच खर्ची पडलेली आहे.

ही घंटा म्हणजे आंतर-प्रोसेसर इंटरप्ट, चालू काम थांबवायला लावणारा इशारा. जाणकार मंडळी त्याला ‘आयपीआय’ म्हणतात, आणि पुढे आम्हीही तोच शब्द वापरू. एक्स८६ यंत्रात प्रत्येक कोअरजवळ ‘लोकल एपिक’ नावाचा इंटरप्ट-नियंत्रक असतो. कोणाला आणि कोणत्या क्रमांकाचा इंटरप्ट धाडायचा हे त्याच्या आयसीआर या रजिस्टरमध्ये (हार्डवेअरमधील छोट्या साठवणजागेत) लिहिले की आयपीआय निघतो. जुन्या रचनेत हे रजिस्टर दोन तुकड्यांत लिहावे लागे आणि कोअरचा क्रमांक आठच बिटांचा असे. पुढे आलेल्या ‘एक्स२एपिक’ रचनेत ६४ बिटांची एकच नोंद पुरते आणि क्रमांक ३२ बिटांचा असतो. इंटरप्ट घेणाऱ्याला मात्र हातातले काम मध्येच सोडून कर्नेलमध्ये शिरावे लागते, रजिस्टरे जपून ठेवावी लागतात, काम उरकून एपिकला तसे कळवावे लागते आणि मग परत फिरावे लागते. धाडणाऱ्याने उत्तराची वाट पाहायची ठरवली, तर या फेरीला साधारण एक ते काही मायक्रोसेकंद लागतात. तीन गिगाहर्ट्‌झच्या कोअरचे एका मायक्रोसेकंदात तीन हजार ठोके होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे किमतीचा अंदाज येईल.

कर्नेलला ही घंटा मुख्यतः तीन प्रसंगी वाजवावी लागते. दुसऱ्या कोअरवर एखादा थ्रेड (प्रोग्रॅमचा स्वतंत्र चालणारा धागा) जागा करायचा असतो, तेव्हा त्या कोअरच्या शेड्युलरला (पुढे काय चालवायचे ते ठरवणाऱ्या भागाला) खबर द्यावी लागते. एखादे फंक्शन विशिष्ट कोअरवरच चालवायचे असते, कारण त्याला लागणारे रजिस्टर तिथेच आहे. तिसरा प्रसंग टीएलबीचा, आणि सर्वाधिक डोकेदुखी त्याचीच. प्रोग्रॅम वापरतो त्या आभासी पत्त्यावरून मेमरीतला खरा पत्ता काढल्यावर प्रत्येक कोअर ते उत्तर आपल्या टीएलबीत, म्हणजे पत्त्यांच्या छोट्या टिपणवहीत, टिपून ठेवतो. एक्स८६ वर हार्डवेअर नेहमीच्या कॅशची सुसंगती आपणहून राखते, तशी या टिपणांची राखत नाही. म्हणून कर्नेलने पेज टेबलातील (पत्त्यांच्या मूळ कोष्टकातील) नोंद रद्द केली की ज्या ज्या कोअरजवळ तिचे जुने टिपण असू शकेल त्यांना ‘ते खोडा’ असे सांगावे लागते आणि सर्वांनी खोडल्याची खात्री होईपर्यंत ते पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) दुसऱ्या कोणाला देता येत नाही. याला टीएलबी शूटडाउन म्हणतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो आणि प्रकल्पासाठी ६४-बिट एक्स८६ वर चालणारा एक लहान कर्नेल लिहीत आहे. कोअरांनी एकमेकांना कामे सांगावीत म्हणून ६४ जागांची एकच सामाईक रांग ठेवली आहे आणि तिला एक स्पिनलॉक (मोकळे होईपर्यंत फेऱ्या मारत थांबायला लावणारे कुलूप) लावला आहे. रांगेत संदेश टाकणारा प्रत्येक वेळी सर्व कोअरांना आयपीआय धाडतो आणि काम पुरे होईपर्यंत थांबतो. क्यूईएमयूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोन कोअर दिले तर ठीक चालते. आठ दिले तर सारे एका कोअरपेक्षाही हळू होते आणि मधूनच पूर्ण ठप्प होते. अधिक वेगवान लॉक लिहावा का?
— एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : लॉकच्या मागे लागू नका. आधी ठप्प होण्याचे पाहू, कारण बिनचूक नसलेली गोष्ट वेगवान करण्यात अर्थ नाही.

तुमच्या रचनेत ठप्प होण्याच्या किमान दोन वाटा आहेत. पहिली अशी : कोअर ‘अ’ने इंटरप्ट बंद ठेवून ‘ब’ला निरोप धाडला आणि तो वाट पाहत थांबला, त्याच वेळी ‘ब’नेही इंटरप्ट बंद ठेवून ‘अ’ला निरोप धाडला आणि तोही थांबला. दोघांचे आयपीआय एकमेकांच्या दाराशी येऊन उभे आहेत, पण दार कोणीच उघडणार नाही. याच कारणासाठी लिनक्समध्ये इंटरप्ट बंद असताना दुसऱ्या कोअरच्या उत्तराची वाट पाहणारे फंक्शन बोलावले, तर कर्नेल लॉगमध्ये तक्रार नोंदवतो. दुसरी वाट स्पिनलॉकची : ज्या कोअरने रांगेचा लॉक घेतला आहे, त्याच कोअरवर आयपीआय आला आणि त्याच्या हँडलरलाही (तो हाताळणाऱ्या कोडलाही) तोच लॉक हवा असला, तर तो कोअर स्वतःचीच वाट पाहत बसतो. दोन कोअरांवर या योगायोगांची शक्यता कमी, म्हणून तिथे सारे सुरळीत भासते.

आता वेगाकडे. एकच रांग आणि एकच लॉक ठेवल्यामुळे लॉकची कॅश लाइन आठ कोअरांमध्ये सतत फिरत राहते, आणि प्रत्येक संदेशामागे आठही कोअर जागे होऊन ‘हे माझ्यासाठी आहे का’ म्हणून डोकावतात, पैकी सात जण हात हलवत परततात. यावरचा पहिला उपाय म्हणजे प्रत्येक कोअरला त्याची स्वतःची रांग देणे. लिनक्समध्ये अशी रांग म्हणजे कुठलाही लॉक नसलेली एकेरी जोडयादी आहे. संदेश टाकणारा आपल्या नोंदीत यादीचे सध्याचे टोक लिहितो आणि मग ‘टोक अजून तेच असेल तर त्या जागी माझी नोंद ठेव’ असा एकच अखंड (मधे न तुटणारा) आदेश चालवतो. मध्ये दुसरे कोणी घुसले असेल तर पुन्हा प्रयत्न करतो. घेणारा एका अखंड अदलाबदलीने संपूर्ण यादी आपल्याकडे ओढून घेतो आणि टोकाच्या जागी शून्य ठेवतो.

यातली खरी युक्ती पुढे आहे. नोंद टाकताना यादी आधी रिकामी होती का, हे टाकणाऱ्याला त्याच आदेशातून आपसूक कळते. रिकामी असेल तरच त्याने आयपीआय धाडायचा. रिकामी नसेल, तर आपल्या आधी कोणीतरी टाकले आहे, त्याने आयपीआय धाडलेला आहे किंवा तो आता धाडणारच आहे, आणि घेणाऱ्याने यादी अजून उचललेली नाही. म्हणजे तो येईल तेव्हा आपलीही नोंद घेऊनच जाईल. घेणाऱ्याने यादी उचलल्यानंतर एका क्षणाने कोणी नोंद टाकली तर त्याला यादी रिकामी दिसते आणि तो नवा आयपीआय धाडतो, त्यामुळे एकही निरोप मागे राहत नाही. गर्दी जितकी वाढेल तितके दर संदेशामागचे आयपीआय आपोआप कमी होतात, ही या योजनेतील आम्हाला सर्वात आवडणारी गोष्ट आहे. ‘आयपीआय धाडला आहे’ असे सांगणारा वेगळा ध्वज (हो-नाहीची खूण) ठेवून हेच साधण्याचा मोह होईल. तो टाळा. ध्वज उतरवणे आणि यादी उचलणे यांचा क्रम चुकला की निरोप हरवतो, आणि हा दोष हजारात एकदाच दिसत असल्याने शोधता शोधता नाकी नऊ येतात.

तीन बारकावे मात्र ध्यानात ठेवावेत. अशा यादीत शेवटी आलेला सर्वात पुढे असतो. क्रम राखायचा असेल तर उचललेली यादी आधी उलटी करावी लागते. दुसरे, संदेशाची नोंद बहुधा धाडणाऱ्याच्या स्टॅकवर (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) असते आणि ‘काम झाले’ अशी खूण दिसताच तो पुढे निघून जातो. त्यामुळे घेणाऱ्याने ती खूण करण्यापूर्वीच यादीतील पुढच्या नोंदीचा पत्ता वाचून ठेवला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्याच कशासाठी तरी वापरात आलेल्या मेमरीतून पत्ता उचलेल. ज्या संदेशाचे उत्तर कोणाला नको आहे त्याच्या बाबतीत लिनक्स फंक्शन आणि त्याला द्यायची माहिती आधी बाजूला काढून घेतो, नोंद मोकळी करतो आणि मग फंक्शन चालवतो. उत्तर हवे असेल तर आधी फंक्शन आणि मग खूण. तिसरे, दोन कोअरांच्या रांगांची टोके एकाच ६४ बाइटांच्या लाइनमध्ये पडू देऊ नका, कारण तसे झाले तर एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले कोअर त्या लाइनसाठी भांडत राहतात.

आणि प्रत्येक वेळी थांबायचे कशाला? ‘तुझ्याकडे हा थ्रेड जागा कर’ असे सांगणाऱ्याला उत्तराची मुळीच गरज नसते. तुमच्या संदेशांपैकी किती जणांना खरोखर थांबावे लागते हे कागदावर मांडून पाहा. रिकामा बसलेला कोअर जर एखाद्या ध्वजाकडे टक लावून पाहत फेऱ्या मारत असेल, किंवा ‘मॉनिटर’ व ‘एमवेट’ या आदेशांच्या साह्याने त्या कॅश लाइनवर लक्ष ठेवून झोपला असेल, तर तो ध्वज बदलणे एवढेच त्याला जागे करायला पुरते आणि आयपीआय लागतच नाही. लिनक्सचा शेड्युलर ही सवलत नेमाने घेतो.

या बाबतीत ड्रॅगनफ्लाय बीएसडी या कार्यप्रणालीचा अभ्यास तुमच्यासारख्याला विशेष उपयोगी पडेल. मॅथ्यू डिलन यांनी २००३ मध्ये फ्रीबीएसडीच्या चौथ्या मालिकेपासून ही प्रणाली वेगळी काढली, ती कर्नेलमधील लॉकांचे जंजाळ टाळावे या आग्रहातूनच. तिथे प्रत्येक कोअरचा शेड्युलर स्वतंत्र असतो आणि दुसऱ्या कोअरच्या मालकीच्या वस्तूला हात लावायचा असेल, तर बहुतेक ठिकाणी लॉक न घेता त्या कोअरला निरोप धाडतात. धाडणारा आणि घेणारा अशा प्रत्येक जोडीसाठी एक वर्तुळाकार रांग असते. लिहिण्याचा निर्देशांक फक्त धाडणारा बदलतो, वाचण्याचा फक्त घेणारा, म्हणून लॉकची गरजच उरत नाही. रांग भरत आली तर धाडणारा नुसता खोळंबून राहत नाही, तर स्वतःकडे आलेले निरोप उरकत राहतो. तसे केले नसते तर वर सांगितलेला ‘अ’ आणि ‘ब’चा पेच इथेही पडला असता. निकड नसलेल्या निरोपांसाठी तिथे ‘पॅसिव्ह’ प्रकार आहे : निरोप रांगेत ठेवायचा, पण आयपीआय लगेच धाडायचा नाही, पलीकडचा कोअर पुढे कधीतरी कर्नेलमध्ये येईलच, तेव्हा पाहील.

याच प्रणालीतला एक प्रसंग शिकण्यासारखा आहे. तिथला मेमरी-वाटप करणारा भाग प्रत्येक तुकडा ज्या कोअरने दिला त्याच्या मालकीचा मानतो. त्यामुळे दुसऱ्या कोअरने तो मोकळा केला की मालकाला निरोप जाई, आणि एका कोअरवर मेमरी घेऊन दुसऱ्यावर मोकळी करणाऱ्या कामात अशा निरोपांची रीघ लागे. नंतर रचना बदलली. मोकळे झालेले तुकडे मालकाच्या त्या-त्या विभागाला जोडलेल्या वेगळ्या यादीत अडकवायचे आणि त्या विभागाचा इशारा आधीच गेलेला नसेल तरच एक आयपीआय धाडायचा. निरोपाची यंत्रणा तीच राहिली. तिच्यावर पडणारे ओझे मुळाशीच कमी झाले.

जाता जाता एक सूचना. क्यूईएमयू हार्डवेअरच्या साह्याविना, नुसत्या भाषांतराच्या पद्धतीने चालवत असाल, तर तिथे मोजलेल्या वेळांवरून कॅश लाइन किंवा आयपीआयच्या खऱ्या किमतीविषयी काहीही ठरवू नका. पेच शोधायला ते साधन उत्तम. वेग मोजायला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला एखादा जुना चार-कोअरचा संगणक मागून घ्या.

प्रश्न : आमचा संघ वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कार्यालयातून बाजारातील भाव वाचणारी सेवा चालवतो. लिनक्सवर चार कोअर ‘आयसोलसीपीयूज’ आणि ‘नोहर्ट्‌झ-फुल’ हे कर्नेलचे पर्याय लावून बाजूला काढले आहेत आणि उपकरणांचे सर्व इंटरप्ट इतर कोअरांकडे वळवले आहेत. तरीही भाव वाचणारा थ्रेड अधूनमधून काही मायक्रोसेकंद अडखळतो. ‘प्रॉक’ खालच्या ‘इंटरप्ट्स’ फाइलीत त्या कोअरच्या रकान्यात टीएलबीच्या ओळीतला आकडा वाढत असतो. कोअर पूर्ण बाजूला काढूनही हे का व्हावे? हा कर्नेलचा दोष समजावा का?
— एक सॉफ्टवेअर अभियंता, बोरिवली

उत्तर : दोष कर्नेलचा नाही. तुम्ही कोअर बाजूला काढला आहे, पण त्यावर चालणारा थ्रेड आपल्या प्रक्रियेपासून (चालू प्रोग्रॅमपासून) बाजूला झालेला नाही. एका प्रक्रियेचे सर्व थ्रेड एकच पेज टेबल वापरतात. ती प्रक्रिया कोणकोणत्या कोअरांवर आहे याची नोंद कर्नेल ठेवतो. आणि तिच्यातल्या कोणत्याही थ्रेडने मेमरी परत केली वा तिचे हक्क बदलले, की त्या नोंदीतल्या कोअरांना शूटडाउनचा आयपीआय जातो. तो थांबवणे कर्नेलला शक्यच नाही, कारण तुमच्या कोअरजवळ जुने टिपण राहिले तर दुसऱ्याच्या मेमरीत लिहिले जाईल.

म्हणून गुन्हेगार तुमच्याच प्रक्रियेत शोधावा, आणि आमचा पहिला संशय लॉग (घडामोडींची नोंद) लिहिणाऱ्या थ्रेडवर आहे. जी-लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी-लायब्ररीतील मेमरी देणारे ‘मॅलॉक’ मूलतः १२८ किलोबाइटांपासूनचे मोठे तुकडे थेट कर्नेलकडून ‘एममॅप’ने घेते आणि ‘फ्री’ करताच ‘एमअनमॅप’ने परत करते, शिवाय हीपच्या (मॅलॉकच्या नेहमीच्या साठ्याच्या) टोकाशी पुरेशी मोकळी जागा साचली की तीही कर्नेलला देऊन टाकते. लॉगचा थ्रेड मोठा बफर घेतो, भरतो, सोडतो, आणि मेमरी अशी कर्नेलकडे परत गेली की दंड भरतो तो भाव वाचणारा थ्रेड. मॅलॉकचे वर्तन ठरवणाऱ्या ‘मॅलॉप्ट’ने एममॅपची मर्यादा वाढवून आणि हीप छाटणे बंद करून पाहा, त्याहून चांगले म्हणजे सारे बफर सुरुवातीलाच घ्या, प्रत्येक पानाला एकदा स्पर्श करा, पाने मेमरीतच राहावीत म्हणून ‘एमलॉकऑल’ लावा आणि बाजार बंद होईपर्यंत काहीही परत करू नका. ‘मॅडव्हाइझ’ने पाने सोडून देणारे इतर वाटपकर्तेही हाच त्रास देतात.

लॉगची फाइल ‘एममॅप’ करून (मेमरीच्या पत्त्यांवर मांडून) तिच्यात थेट लिहिणे ही तुमच्या क्षेत्रात लोकप्रिय पद्धत आहे, आणि तीत एक छुपी मेख आहे. कर्नेल जेव्हा मळलेली (बदललेली, पण अजून न उतरवलेली) पाने डिस्कवर उतरवतो, तेव्हा पुढचे लिखाण लक्षात यावे म्हणून तो त्या पानांचा लिहिण्याचा हक्क तात्पुरता काढून घेतो, आणि हक्क काढणे म्हणजे पुन्हा शूटडाउन. तुमच्या प्रोग्रॅममध्ये एकही ‘एमअनमॅप’ नसताना आकडा दर काही सेकंदांनी उडी मारत असेल, तर आधी हे तपासा. त्याखालोखाल न्यूमा संतुलन, म्हणजे पाने वापरणाऱ्या कोअरजवळच्या मेमरीत हलवण्याची सोय. ते पानांचा वापर हेरण्यासाठी त्यांच्या नोंदी मुद्दाम निष्प्रभ करते. मग लहान पाने एकत्र करून मोठी बनवणारा ‘ह्यूजपेज’चा पार्श्वभूमी थ्रेड. दोन्ही बंद करता येतात.

मुळापासून उपाय हवा असेल तर लॉगचे काम वेगळ्या प्रक्रियेकडे द्या आणि दोहोंमध्ये सामाईक मेमरीची वर्तुळाकार रांग ठेवा. वेगळी प्रक्रिया म्हणजे वेगळे पेज टेबल. तिने कितीही मेमरी घेतली-सोडली तरी तुमच्या कोअरला त्याचा पत्ता लागणार नाही. ही सामाईक मेमरी फाइलवर आधारलेली नको, मोठ्या पानांतून आधीच राखून ठेवलेली असावी. थ्रेडऐवजी प्रक्रिया म्हटले की हल्ली बरेच जण नाक मुरडतात. या ठिकाणी ते योग्य नाही.

कर्नेलने आपल्या बाजूने हा भार पुष्कळ हलका केलेला आहे, तेही सांगणे न्याय्य होईल. एका वेळी अनेक पाने सोडली तर त्यांचे शूटडाउन एकत्र गोळा करून धाडले जाते. एक्स८६ वर मूलतः ३३ पानांपर्यंत एकेक टिपण खोडले जाते आणि त्यापलीकडे सरसकट सगळी पुसली जातात, कारण तेवढी एकेक करून खोडण्यापेक्षा पुन्हा भरणे परवडते. मेमरीची टंचाई असताना पाने परत घेण्याच्या मार्गातही मेल गोरमन यांच्या २०१५ मधील बदलांनंतर अशीच एकगठ्ठा पद्धत आली. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ४.१४ आवृत्तीत अँडी लुटोमिरस्की यांच्या कामामुळे प्रत्येक पेज टेबलाला पिढीचा क्रमांक मिळाला. ज्या कोअरवर ती प्रक्रिया त्या क्षणी चालू नाही, त्याला न उठवता तो पुन्हा तिच्याकडे वळेल तेव्हा क्रमांक ताडून स्वतःच पुसणे करू शकतो. तुमच्या बाबतीत याचा फायदा नाही, कारण तुमचा थ्रेड त्या कोअरवर अष्टौप्रहर चालूच असतो.

शोध घेण्याची रीत अशी. ‘इंटरप्ट्स’ची ती फाइल बाजार चालू असताना दोनदा वाचा आणि फक्त वजाबाकी पाहा. यंत्र सुरू झाल्यापासूनच्या एकूण आकड्याला अर्थ नाही. मग ‘पर्फ’ या मोजमापाच्या साधनातून टीएलबी पुसण्याच्या ट्रेसपॉइंटवर (कर्नेलमधील नोंदीच्या जागेवर) नजर ठेवा आणि आयपीआय धाडणाऱ्या बाजूचा कॉल-स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती साखळी, मिळवा. घेणाऱ्या कोअरचा स्टॅक पाहून काही हाती लागत नाही, बळी तोच असल्यामुळे. टीएलबीऐवजी ‘सीएएल’ची (दुसऱ्या कोअरवर फंक्शन चालवण्याच्या आयपीआयची) ओळ वाढत असेल तर कारणे निराळी असतात : कोणी ‘मेमबॅरिअर’ (कोअरांमधला मेमरी-व्यवहारांचा क्रम राखणारा सिस्टिम कॉल) वापरत आहे का, कर्नेलचा कोड चालू असताना बदलणारे एखादे ट्रेसिंग कोणी सुरू-बंद करत आहे का, आणि देखरेखीचे एखादे साधन दर सेकंदाला सर्व कोअरांची एमएसआर (प्रत्येक कोअरची स्वतःची खास) रजिस्टरे वाचत आहे का. शेवटच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या कोअरचे रजिस्टर त्या कोअरवरच वाचावे लागते, म्हणून प्रत्येक वाचनामागे एक आयपीआय जातो. अडखळणे मोजायला बसवलेले साधनच अडखळवते.

प्रश्न : आमचा एक प्रोग्रॅम कार्यालयातील आठ कोअरांच्या यंत्रावर चांगला चालतो, पण भाड्याच्या क्लाउडवर बत्तीस आभासी कोअर घेतले तरी हळू पडतो. याचा संबंध या विषयाशी आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : असू शकतो. आभासी यंत्रातला कर्नेल आयपीआय धाडायला जातो तेव्हा हार्डवेअरचे साह्य नसल्यास त्याला प्रत्येक वेळी हायपरवायझरकडे (आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीकडे) बाहेर पडावे लागते. त्याहून वाईट म्हणजे ज्याला निरोप धाडला तो आभासी कोअर त्या वेळी खऱ्या कोअरवर बसलेलाच नसेल, तर धाडणारा मायक्रोसेकंदांऐवजी मिलिसेकंद वाट पाहत बसतो. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरवायझरमध्ये यावर दोन उपाय आहेत. एकाच हायपरकॉलमध्ये (हायपरवायझरला दिलेल्या हाकेत) १२८ पर्यंत कोअरांना आयपीआय धाडता येतो. आणि खाली उतरवलेल्या आभासी कोअरला टीएलबी पुसायचा असेल तर आयपीआय न धाडता ‘परत चढशील तेव्हा पूस’ अशी खूण करून ठेवता येते. या सोयी तुमच्या पुरवठादाराने चालू ठेवल्या आहेत का ते विचारा, आणि तोवर आठच कोअर घेऊन मोजून पाहा. थ्रेड जास्त म्हणजे शूटडाउनचे मानकरीही जास्त.

प्रश्न : हे सारे काम हार्डवेअरच का करत नाही? शिवाय प्रत्येक कोअरवर वेगळा कर्नेल ठेवावा आणि त्यांनी फक्त निरोपांवर चालावे, असाही एक विचार ऐकला होता. त्याचे पुढे काय झाले?
— संगणकशास्त्राच्या एक अध्यापिका, पवई

उत्तर : काही ठिकाणी हार्डवेअर ते करतेच. ६४-बिट आर्म प्रोसेसरांमध्ये टीएलबी खोडण्याच्या आदेशाचा असा प्रकार आहे की तो एका कोअरने दिला तरी सामाईक क्षेत्रातील सर्व कोअरांना लागू होतो. तिथे शूटडाउनसाठी एरवी आयपीआय लागत नाही. एएमडीने झेन-३ पिढीतील सर्व्हर प्रोसेसरांत ‘आयएनव्हीएलपीजीबी’ हा तशाच धाटणीचा आदेश आणला, आणि लिनक्सने रिक व्हान रील यांच्या कामातून २०२५ मधील ६.१५ आवृत्तीत त्याचा वापर सुरू केला. त्यासाठी प्रक्रियेला सर्व कोअरांवर एकच असा ओळखक्रमांक द्यावा लागतो. असे क्रमांक मर्यादित असल्याने लिनक्स ते एकाच वेळी चार वा अधिक कोअरांवर चालणाऱ्या प्रक्रियांनाच देतो. आदेश दिल्यावरही सर्वांनी खोडले याची खात्री करणारा दुसरा आदेश चालवून थांबावे लागते, पण पलीकडच्या कोअरला हातचे काम सोडावे लागत नाही, हा मोठाच लाभ.

आपण ऐकलेला विचार बहुधा ‘बॅरेलफिश’ या प्रणालीचा असावा. झुरिच येथील ईटीएच आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये ती मांडली. प्रत्येक कोअरवर स्वतंत्र कर्नेल, सामाईक माहिती कोणतीच नाही, आणि निरोप कॅश लाइनमधून, शक्य तेथे आयपीआयविना, घेणाऱ्याने डोकावून वाचायचे. शूटडाउनसारखा सर्वांना द्यायचा निरोप तिथे सॉकेटांची मांडणी पाहून झाडाच्या फांद्यांसारखा पसरवला जाई : आधी प्रत्येक सॉकेटवरील एकाला, मग त्याने आपल्या शेजाऱ्यांना. ती प्रणाली कोणाच्या टेबलावर आली नाही, आणि आमच्या मते तशी अपेक्षाही तिच्या कर्त्यांची नसावी. डोकावून वाचण्यात एक किंमत आहेच : घेणारा दुसऱ्या कामात असेल तर निरोप पडून राहतो, आणि तो सतत डोकावत राहिला तर ठोके वाया जातात. विद्यार्थ्यांना शिकवताना आपण हा भेद फळ्यावर आकड्यांनिशी मांडलात तर उत्तम.

राहता राहिले थ्रेड जागा करण्याचे आणि दुसऱ्या कोअरवर फंक्शन चालवण्याचे निरोप. त्यांना वरचे आदेश उपयोगी नाहीत, कारण तिथे पलीकडच्या कोअरने खरोखरच काहीतरी करायचे असते. वर सांगितलेली ध्वजाची सवलत सोडली, तर आर्म काय किंवा एएमडी काय, ते आजही आयपीआयनेच जातात.